उच्च क्षमतेच्या मोटार इंजिनाची बांधणी आणि डायनो चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील उत्तरे पेट्रोलवर चालणाऱ्या चार-स्ट्रोक मोटार इंजिनांपुरती आहेत. हिशेब सलग राहावा म्हणून बहुतेक ठिकाणी एकच कल्पित इंजिन उदाहरणादाखल घेतले आहे : चार सिलिंडर, ८६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ८६ मिमी स्ट्रोक (पिस्टनच्या एका धावेची लांबी), म्हणजे १९९८ सीसी, टर्बो नसलेले, आणि उद्दिष्ट २०० किलोवॉट, अर्थात सुमारे २७२ पीएस.

डायनो नेमके काय मोजतो, शक्ती की टॉर्क?

डायनो, म्हणजेच डायनॅमोमीटर, टॉर्क (शाफ्ट फिरवणारा जोर) मोजतो आणि फेऱ्या मोजतो. शक्ती हा त्या दोहोंवरून मांडलेला हिशेब असतो. इंजिनाच्या शाफ्टला ब्रेकचा रोटर जोडलेला असतो आणि तो फिरू लागला की त्याच्याभोवतीचे कवचही त्याच दिशेने ओढले जाते. या कवचाला एका दांड्याने अडवून धरतात आणि दांड्याच्या टोकाशी असलेल्या लोड सेलवर (जोर मोजणाऱ्या सेन्सरवर) किती जोर पडतो ते वाचतात. जोराला दांड्याच्या लांबीने गुणले की टॉर्क हाती येतो. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणून ९५४९ ने भागले असता किलोवॉट मिळतात. पाउंड-फूट आणि हॉर्सपॉवर ही एकके वापरल्यास भाजक ५२५२ असतो. यातून एक सोपी पारख करता येते. पाउंड-फूट आणि हॉर्सपॉवर एकाच मोजपट्टीवर काढलेल्या आलेखात दोन्ही रेषा ५२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदल्या पाहिजेत. तसे होत नसेल तर त्या आलेखावर विश्वास ठेवू नये.

तत्त्व जुनेच आहे. गास्पार द प्रोनी यांचा घर्षणावर चालणारा ब्रेक १८२१ चा, तर विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी केलेला पाण्याचा ब्रेक १८७७ चा. आज वापरात असलेले वॉटर ब्रेक त्याच घराण्यातले आहेत.

इंजिन डायनो घ्यावा की चेसिस डायनो?

नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी सोय असेल तर इंजिन डायनोच घ्यावा. इंजिन उघडे समोर असते, प्रत्येक जोडणीवर नजर ठेवता येते, तेलाची गळती पहिल्या मिनिटात दिसते आणि काही बिघडलेच तर ते गाडीतून उतरवण्यात दिवस जात नाही. पाणी, तेल आणि आत जाणारी हवा यांचे तापमान ठरवलेल्या मर्यादेत राखणेही तेथे सोपे असते.

चेसिस डायनोवर गाडी रोलरवर उभी असते किंवा चाके काढून हबलाच ब्रेक जोडलेले असतात. गाडीत बसवलेले एअर फिल्टरचे खोके, पूर्ण एक्झॉस्ट, रेडिएटर आणि बॉनेटखालची गरम हवा यांसह इंजिन कसे वागते हे मात्र येथेच कळते, आणि अखेरचे ट्यूनिंग त्याच परिस्थितीत व्हावे लागते. इंजिन डायनोवर सरळ, मोकळ्या पाइपांनी मिळालेले ट्यूनिंग सायलेन्सर लावलेल्या गाडीत जसेच्या तसे वापरणे धोक्याचे असते, कारण एक्झॉस्टमधील दाबाच्या लहरी बदलल्या की सिलिंडरमध्ये भरणारी हवाही बदलते.

चाकांवरील आकड्यात १५ टक्के मिळवले की इंजिनाची शक्ती मिळते, हे बरोबर आहे का?

नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधील तोटा काही अंशी भारावर, काही अंशी वेगावर आणि तेलाच्या तापमानावर अवलंबून असतो. रोलरवर त्यात टायरमधील हवेचा दाब आणि गाडी आवळणाऱ्या पट्ट्यांचा ताण यांची भर पडते. त्याच गाडीचे इंजिन दुप्पट ताकदीचे केले म्हणून तोटा दुप्पट होत नाही. चाकांवरचा आकडा चाकांवरचाच म्हणून लिहावा.

भाग मागवण्याआधी काय ठरवावे?

उद्दिष्ट शक्ती आणि ती कोणत्या आरपीएमला हवी, या दोन गोष्टी. बाकी बरेचसे निर्णय त्यांतून आपोआप निघतात, आणि अशक्य बेत कागदावरच उघडे पडतात.

आपल्या उदाहरणातील इंजिनाने ७००० आरपीएमला २०० किलोवॉट द्यावेत असे म्हटले, तर तेथे सुमारे २७३ न्यूटन-मीटर टॉर्क लागेल, म्हणजे लिटरमागे १३६ च्या वर. सिलिंडरमधील सरासरी परिणामी दाबाच्या भाषेत हे १७ बार होतात. टर्बो नसलेल्या आणि पंपावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला ते जमणार नाही. लिटरमागे १०० न्यूटन-मीटर, म्हणजे साडेबारा बार, हीदेखील चांगल्या बांधणीची खूण मानली जाते आणि १५ बारच्या आसपास शर्यतीच्या इंजिनांचा प्रांत सुरू होतो. तीच शक्ती ८५०० आरपीएमला मागितली तर २२५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे साधारण १४ बार. अवघड आहे, पण आवाक्यात आहे.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ८६ मिमी स्ट्रोकवर ८५०० आरपीएमला पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २४.४ मीटर होते. तुलनेसाठी, होंडा एस२००० मधील ८४ मिमी स्ट्रोकचे दोन लिटरचे इंजिन ९००० आरपीएमला २५.२ मीटरपर्यंत जाते आणि ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनांतील अपवादात्मक उदाहरण आहे. या पट्ट्यात शिरायचे असेल तर रॉड, रॉडचे बोल्ट, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ऑइल पंप यांवरचा खर्च आधी धरावा आणि दिखाऊ भागांचा नंतर. अनेक अंदाजपत्रकांत हा क्रम नेमका उलटा असतो.

इंधनाचा हिशेबही येथेच उरकावा. दर किलोवॉट-तासाला ३०० ग्रॅम हा टर्बो नसलेल्या इंजिनासाठी सावध अंदाज धरला, तर २०० किलोवॉटला ताशी ६० किलो, म्हणजे मिनिटाला एक किलो पेट्रोल लागते. घनता ०.७४५ धरली तर चार इंजेक्टरांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३३५ सीसी येतात, आणि इंजेक्टर ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा राहू नये हे लक्षात घेता किमान ३९५ सीसी प्रति मिनिट क्षमतेचे इंजेक्टर घ्यावे लागतात.

कॉम्प्रेशन रेशो प्रत्यक्ष मोजावा लागतो का, की पिस्टनच्या खोक्यावर लिहिलेला पुरतो?

मोजावाच लागतो. पिस्टन खालच्या टोकाला असताना सिलिंडरमधील एकूण जागा आणि तो वरच्या टोकाला आल्यावर उरणारी जागा यांचे गुणोत्तर म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. खोक्यावरचा आकडा विशिष्ट हेड, विशिष्ट गॅस्केट आणि ब्लॉकची विशिष्ट उंची गृहीत धरून दिलेला असतो, आणि यांपैकी एकही गोष्ट आपल्या इंजिनात तशीच असेल याची खात्री नसते. हेड उलटे ठेवून, स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह बसवून, वर छिद्र पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवतात आणि ब्युरेटमधून रंगीत द्रव सोडून चेंबरचे आकारमान मोजतात.

आपल्या इंजिनाच्या एका सिलिंडरचे आकारमान ४९९.६ सीसी आहे. चेंबर ४४ सीसीचे, पिस्टनचा माथा सपाट आणि वरच्या टोकाला ब्लॉकशी समतल, आणि गॅस्केट दाबल्यावर १ मिमी जाड, ८७ मिमी भोकाचे असेल, तर गॅस्केटचे आकारमान ५.९ सीसी आणि रेशो ११.० येतो. तेच गॅस्केट १.३ मिमी घेतले तर रेशो १०.७ पर्यंत उतरतो. तोटा तेवढ्यावरच थांबत नाही. पिस्टनचा कडेचा सपाट भाग आणि हेड यांमधील फट १ मिमीच्या आसपास असली की वर येताना तेथील मिश्रण मध्यभागी जोराने ढकलले जाते, ज्वलन वेगाने होते आणि नॉकिंगला (उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप पेटून ठोके बसण्याला) आळा बसतो. जाड गॅस्केट लावून रेशो कमी करणारे इंजिन म्हणूनच कधीकधी आधीपेक्षा लवकर नॉक करू लागते.

मोजमापांत सर्वाधिक चुका कोठे होतात?

तापमानात. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, आणि ॲल्युमिनियमचा ८६ मिमी पिस्टन दहा अंशांनी तापला तर त्याचा व्यास जवळपास दोन शतांश मिलिमीटरने वाढतो. पिस्टन आणि सिलिंडरमधील एकूण मोकळीकच आठ-नऊ शतांश असताना ही चूक लहान म्हणता येत नाही. ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवावेत आणि सकाळी मोजावेत; उन्हातून आणलेला ब्लॉक लगेच मोजू नये.

बेअरिंगची मोकळीक मोजण्यासाठी प्लॅस्टिगेजची (दाबली की चपटी होणारी मऊ प्लॅस्टिकची) पट्टी पडताळणीपुरती ठीक आहे, पण मुख्य आधार बोअर गेज आणि मायक्रोमीटरचाच असावा. कॅप पूर्ण टॉर्कने आवळून, बेअरिंग बसवलेल्या अवस्थेत, जोडाच्या रेषेशी काटकोनात मोजावे, कारण बेअरिंगची भिंत जोडाजवळ मुद्दाम पातळ ठेवलेली असते. जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाचा एक सहस्रांश हा जुना ठोकताळा आहे, म्हणजे ५० मिमी जर्नलला ०.०५ मिमी. पातळ तेलावर चालणाऱ्या आधुनिक इंजिनांत ही मोकळीक याहून कमी असते, त्यामुळे ठोकताळ्यापेक्षा इंजिनाच्या मूळ तक्त्याला आणि वापरणार असलेल्या तेलाला अधिक मान द्यावा.

रिंगची फट किती ठेवावी?

वरच्या रिंगसाठी, टर्बो नसलेल्या इंजिनात, बोअरच्या ०.४ ते ०.४५ टक्के, ८६ मिमीला ०.३५ ते ०.४० मिमी. टर्बो इंजिनात ती ०.५० मिमी किंवा त्याहून अधिक असते. अंतिम शब्द रिंग बनवणाऱ्याच्या तक्त्याचा. जास्त फटीने किंचित शक्ती जाते. कमी फटीने इंजिन जाते. तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडली की तिला पसरायला जागा उरत नाही, ती सिलिंडरची भिंत खरवडते आणि पुष्कळदा पिस्टनचा रिंगवरचा काठच उचकटून काढते.

काम करताना रिंग ज्या सिलिंडरमध्ये बसणार आहे त्याच सिलिंडरमध्ये घालावी, पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने ती २५ मिमी खाली समतल ढकलावी आणि फीलर गेजची पाती घालून फट मोजावी. पाती हलक्या ओढीने सरकली पाहिजे. मग एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेने, थोडे-थोडे घासावे आणि दर वेळी पुन्हा मोजावे. शेवटी बारीक दगडाने कडेचे कंगोरे मोडावेत. नखाला लागणारा कंगोरा सिलिंडरलाही लागतो. दुसऱ्या रिंगची फट वरच्या रिंगपेक्षा थोडी मोठी ठेवण्याची पद्धत आता रूढ आहे, कारण दोन रिंगांमध्ये अडकलेला दाब खाली निघून गेला नाही तर तो वरच्या रिंगला तिच्या खाचेत वर उचलतो.

होनिंग करताना टॉर्क प्लेट खरोखरच लागते का?

लागते. होनिंग म्हणजे सिलिंडरची भिंत दगडाने घासून नेमक्या मापाला आणणे, आणि टॉर्क प्लेट म्हणजे त्या वेळी हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरचा गोलपणा एक-दोन शतांश मिलिमीटरने बिघडतो, आणि मोकळ्या ब्लॉकमध्ये केलेले गोल होनिंग इंजिन बांधल्यावर गोल राहत नाही. प्लेटखाली तेच गॅस्केट आणि तेच बोल्ट वापरावेत जे पुढे वापरायचे आहेत.

फोर्ज्ड पिस्टन सकाळी खडखडतात. ही बांधणीतली चूक आहे का?

बहुधा नाही. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंचे मिळतात. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असल्याने तो कमी प्रसरण पावतो आणि मोकळीक कमी ठेवता येते. २६१८ मध्ये सिलिकॉन नगण्य, तो अधिक चिवट आणि नॉकिंगचा मार अधिक सोसणारा, पण अधिक प्रसरणारा, म्हणून त्याला गार अवस्थेत मोकळीक जास्त लागते आणि इंजिन तापेपर्यंत तो वाजतो. तापल्यावरही आवाज थांबला नाही तर मात्र पाहावे.

रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले तर काय बिघडते?

आधी त्या बोल्टांवर काय बेततं ते पाहू. आपल्या इंजिनात पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ४०० ग्रॅम आहेत असे समजले, तर ८५०० आरपीएमला वरच्या टोकाशी पिस्टन थोपवून मागे खेचण्यासाठी सुमारे पावणेदोन टन बळ लागते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या अखेरीस हे बळ उलट दिशेने पेलणारा वायूचा दाब नसतो, त्यामुळे ते सगळे रॉडवर आणि त्याच्या दोन बोल्टांवर येते. शिवाय ते आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; चुकीच्या गिअरमुळे काटा ८५०० वरून ९५०० वर गेला तर बळ पाव पटीने वाढलेले असते.

बोल्टने टिकायचे असेल तर त्याला आधीपासून याहून जास्त ताण दिलेला असावा लागतो. टॉर्क रेंच हा ताण मोजत नाही. ती बोल्ट फिरवायला लागणारा जोर मोजते, आणि त्यातील जवळजवळ ९० टक्के आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो. वंगण बदलले की तोच टॉर्क वेगळा ताण देतो. म्हणून बोल्ट आवळण्यापूर्वी आणि आवळल्यानंतर त्याची लांबी स्ट्रेच गेजने मोजावी आणि बोल्ट बनवणाऱ्याने दिलेली वाढ गाठली की थांबावे. मोकळी लांबी नोंदवून ठेवली तर पुढच्या वेळी उघडल्यावर बोल्ट कायमचा ताणला गेला आहे का हेही कळते. तसा बोल्ट पुन्हा वापरू नये.

कॅमशाफ्ट खुणेवर बसवला, तरी डिग्री प्लेट (अंश आखलेली चकती) लावून तपासायचा का?

होय, कारण खूण चेनच्या दात्यांवर असते आणि ब्लॉक किंवा हेड घासलेले असेल तर कॅम त्या प्रमाणात मागे सरकलेला असतो. प्रथम पिस्टनचे खरे वरचे टोक शोधावे. स्पार्क प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप लावून क्रँक एका दिशेने अडेपर्यंत फिरवावा, अंश लिहावा, मग दुसऱ्या दिशेने अडेपर्यंत फिरवावा. दोन आकड्यांचा मध्य म्हणजे शून्य. त्यानंतर व्हॉल्व्हवर डायल गेज लावून उघडण्या-मिटण्याचे अंश कॅमसोबत आलेल्या पत्रकाशी ताडून पाहावेत.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधील अंतर त्याच बैठकीत मोजावे. पिस्टनवरील व्हॉल्व्हच्या खाचांत मॉडेलिंग क्ले दाबून बसवावी, वरून तेलाचे बोट फिरवावे, जुने गॅस्केट घालून हेड आवळावे आणि क्रँक हाताने, सावकाश, पूर्ण दोन फेऱ्या फिरवावा. कोठेही अडल्यासारखे वाटले तर तेथेच थांबावे. हेड काढून क्लेवरचा ठसा ब्लेडने मधोमध कापला की सर्वांत पातळ जागी जाडी मोजता येते. हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले दुवे) असतील तर तपासणीपुरते घन टॅपेट लावावेत, अन्यथा ते दबून खोटे अंतर दाखवतात. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हा प्रचलित किमान आकडा आहे. एक्झॉस्टला जास्त ठेवण्याचे कारण असे की मिटणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मागे पिस्टन धावत येत असतो, आणि स्प्रिंग थकली किंवा आरपीएम मर्यादेबाहेर गेले की व्हॉल्व्हच उशीर करतो.

पहिल्यांदा चालू करताना कोणता क्रम पाळावा?

स्पार्क प्लग काढून आणि इंजेक्टरचा पुरवठा तोडून, स्टार्टरने किंवा पंप बाहेरून फिरवून, आधी तेलाचा दाब आणावा. तो दिसल्याशिवाय इंजिन पेटवू नये. रोलर किंवा बकेट टॅपेटच्या आधुनिक इंजिनाला विशेष विधी लागत नाही. जुन्या धर्तीचे सपाट टॅपेट असतील तर मात्र सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर न्यावे, तेथे किमान वीस मिनिटे ठेवावे आणि झिंकयुक्त तेल वापरावे. आयडलिंगवर सोडले तर कॅमचा माथा पहिल्या काही मिनिटांतच झिजू लागतो.

रिंगा बसण्यासाठी भार लागतो. सिलिंडरमधला दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो तेव्हाच होनिंगच्या रेघांची टोके घासली जातात. म्हणून तेल आणि पाणी तापल्यावर डायनोवर मध्यम भार द्यावा, थोडा वाढवावा, काढावा, पुन्हा द्यावा. तासन्‌तास बिनभाराचे चालवत ठेवण्याच्या सल्ल्याला आधार नाही. त्याने भिंती गुळगुळीत होतात आणि रिंगा मग कधीच नीट बसत नाहीत. यानंतर तेल आणि फिल्टर बदलावा, फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडून पाहावा. बारीक चकाकी अपेक्षित असते. बोटाला जाणवणारे कण दिसले तर चाचणी पुढे नेऊ नये.

डायनोच्या खोलीसाठी पाणी आणि हवा किती लागते?

वॉटर ब्रेक सगळी शक्ती पाण्याच्या उष्णतेत बदलतो. २०० किलोवॉटला, पाणी ३० अंशांनी तापू द्यायचे ठरवले, तर मिनिटाला सुमारे ९५ लिटर पाणी फिरत राहावे लागते. इंजिन स्वतः मिनिटाला अंदाजे नऊ-दहा घनमीटर हवा आत घेते, आणि खोली थंड ठेवण्यासाठी त्याच्या अनेक पट हवा खेळवावी लागते. एक्झॉस्टची गरम हवा फिरून पुन्हा इनटेककडे येत असेल तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद धरावेत.

मिश्रण आणि टायमिंग कोणत्या क्रमाने बसवावे?

आधी मिश्रण, कमी भारापासून वरच्या दिशेने, आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षण, तोवर मुद्दाम मागे ठेवून. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन गुणोत्तर भागिले संतुलित गुणोत्तर) ०.८५ ते ०.९० च्या दरम्यान सर्वाधिक टॉर्क देते. टर्बो इंजिन पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थंड ठेवण्यासाठी ०.८० च्या आसपास चालवले जाते. हवा-इंधन गुणोत्तराऐवजी लॅम्डातच विचार करण्याची सवय लावावी, कारण शुद्ध पेट्रोलला १४.७ आणि ई८५ ला (मुख्यतः इथेनॉल असलेल्या इंधनाला) सुमारे ९.८ हे संतुलित गुणोत्तर असले तरी दोन्हींसाठी लॅम्डा १ च असतो.

टायमिंगसाठी इंजिन एका आरपीएमवर ब्रेकने धरून ठेवावे आणि एकेका अंशाने पुढे सरकावे. सुरुवातीला प्रत्येक अंशाला टॉर्क स्पष्टपणे वाढतो, मग वाढ मंदावते आणि पुढे थांबते. ज्या अंशाला ती थांबते त्याच्या एक-दोन अंश अलीकडेच मुक्काम करावा. तेथे टॉर्कमध्ये पडणारा फरक मोजता येणार नाही इतका लहान असतो, मात्र नॉकिंगपासूनचे अंतर पुष्कळ वाढते. कारण असे की सिलिंडरमधला कमाल दाब वरच्या टोकानंतर साधारण १५ अंशांवर आला की काम सर्वांत जास्त होते. त्याहून लवकर आणलेला दाब पिस्टन आणि बेअरिंगला ठोकतो आणि उष्णता भिंतींत घालवतो. कित्येक इंजिने, विशेषतः जास्त कॉम्प्रेशनची आणि टर्बोची, या टप्प्याला पोहोचण्यापूर्वीच नॉक करतात. तेव्हा टॉर्क वाढत असला तरी मागे यावे लागते, आणि याबाबत कानापेक्षा नॉक सेन्सर आणि त्याला जोडलेला हेडफोन यांवर भिस्त ठेवावी. उघड्या एक्झॉस्टच्या गोंगाटात नुसत्या कानाला नॉकिंग ऐकू येते तोवर उशीर झालेला असतो.

स्वीप चाचणी आणि टप्प्याटप्प्याची चाचणी यांत आकडे वेगळे का येतात?

स्वीपमध्ये इंजिनाचा वेग सतत वाढत असतो आणि क्रँक, फ्लायव्हील यांना वेग देण्यात काही टॉर्क खर्च होतो. फिरत्या भागांचे जडत्व ०.२ किलो-चौरस-मीटर मानले, तर सेकंदाला ६०० आरपीएम वेगाने घेतलेल्या स्वीपमध्ये १२.६ न्यूटन-मीटर आतच मुरतात. ३०० च्या स्वीपमध्ये त्याच्या निम्मे. काही डायनोंचे सॉफ्टवेअर ही भर परत घालते, काही घालत नाही. हलके फ्लायव्हील लावल्यावर स्वीपमध्ये दिसणारी शक्तीची वाढ पुष्कळदा केवळ हीच असते. तुलना करताना स्वीपचा वेग, सुरुवातीचे आरपीएम आणि सुरुवातीचे तेलाचे तापमान तेच ठेवावे.

आकडे दुरुस्त केलेले आहेत असे आलेखावर लिहिलेले असते. कोणी, कशासाठी दुरुस्त केलेले?

हवेची घनता रोज बदलते, म्हणून मोजलेली शक्ती एका ठरावीक हवामानावर आणून सांगतात. अडचण अशी की ठरावीक हवामाने अनेक आहेत. एसएई जे१३४९ मध्ये २५ अंश आणि ९९० मिलिबार कोरडी हवा धरली आहे. एसटीडी नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या एसएई जे६०७ मध्ये साडेपंधरा अंश आणि १०१३ मिलिबार. डीआयएन ७००२० मध्ये २० अंश आणि १०१३ मिलिबार. तेच इंजिन, तीच चाचणी, तरी एसटीडीचा आकडा जे१३४९ पेक्षा जवळपास ४ टक्क्यांनी मोठा दिसतो. जाहिरातीत कोणता छापला जातो हे सांगायला नको.

जे१३४९ चा गुणक असा काढतात : ९९० ला कोरड्या हवेच्या दाबाने भागावे, त्याला (तापमान अधिक २७३) भागिले २९८ याच्या वर्गमुळाने गुणावे, मग १.१८ ने गुणावे आणि ०.१८ वजा करावेत. हवा ३५ अंशांची आणि कोरडा दाब ९५० मिलिबार असेल तर गुणक १.०७ येतो, आणि मोजलेले १८० किलोवॉट अहवालात १९२.६ होतात. त्यामुळे अहवालात न दुरुस्त केलेला आकडा, गुणक, हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता हे पाचही मागून घ्यावेत. तापमानाचा सेन्सर इनटेकच्या तोंडाशी होता की भिंतीवर, हेही विचारावे. गरम कोपऱ्यात लावलेला सेन्सर शक्ती फुकट वाढवून देतो. टर्बो इंजिनाला हे गुणक सरसकट लावणे चुकीचे आहे, कारण वेस्टगेट (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) ठरावीक दाब राखत असेल तर बाहेरच्या दाबातील घट टर्बोने आधीच बरीचशी भरून काढलेली असते.

दोन डायनोंवर दोन आकडे आले. खरा कोणता?

दोन्ही यंत्रे नीट जुळवलेली असतील तर हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही. इंजिनात केलेला बदल उपयोगी ठरला का, हे एकाच यंत्रावर, त्याच दिवशी, त्याच तापमानांना घेतलेल्या आधीच्या आणि नंतरच्या चाचणीवरूनच ठरते. काहीही न बदलता सलग तीन चाचण्या घ्याव्यात. त्या एकमेकींपासून एक टक्क्याच्या आत नसतील तर दोन टक्क्यांची वाढ सिद्ध करण्याचा खटाटोप करू नये. आणि बदल एका वेळी एकच करावा, मग तो कितीही क्षुल्लक वाटो.

यंत्राची जुळवणी तपासून मागण्यात संकोच नसावा. एक मीटरच्या दांड्यावर २०.४ किलोचे प्रमाणित वजन टांगले की पडद्यावर २०० न्यूटन-मीटर दिसले पाहिजेत, आणि वजन उतरवल्यावर शून्य. हे पाच मिनिटांचे काम आहे. ते टाळणाऱ्या ठिकाणी चाचणी न केलेली बरी.

चाचणीच्या वेळी कोणी कोठे उभे राहावे?

फ्लायव्हील, जोडशाफ्ट आणि रोलरवरील चाके यांच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. काही सुटले तर ते त्याच पातळीत उडते. जोडशाफ्टभोवती जाड पोलादी कवच हवे, इंधन तोडण्याचे बटण चालवणाऱ्याच्या हाताशी हवे आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर चालू हवा, कारण हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. कानांचे संरक्षण सर्वांनाच.

शक्तीखेरीज कोणत्या नोंदींकडे पाहावे, आणि इंजिन केव्हा पुन्हा उघडावे?

तापलेल्या तेलाचा दाब दर हजार आरपीएममागे सुमारे ०.७ बार असावा हा जुना पण उपयोगी अंदाज आहे. आकड्यापेक्षा रेषेचा आकार अधिक बोलका असतो. दाब आरपीएमसोबत चढत जाऊन सपाट व्हावा. वरच्या आरपीएमला तो थरथरू किंवा उतरू लागला तर पंप तेलासोबत हवा ओढत आहे असे समजून चाचणी तेथेच थांबवावी, आधी तेलाची पातळी आणि संपमधील (इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीतील) पडदे पाहावेत. क्रँककेसमधून बाहेर पडणारा वायू मोजण्याची सोय असेल तर तो रिंगा बसत जातील तसा चाचणीगणिक कमी होत स्थिरावला पाहिजे. स्थिरावलेला आकडा अचानक वाढणे ही रिंग किंवा पिस्टन दुखावल्याची बहुधा पहिली सूचना असते, आणि शक्तीच्या आलेखात ती दिसण्याच्या बरीच आधी मिळते.

चाचण्या संपल्यावर, इंजिन कोमट असतानाच, लीकडाउन तपासणी करावी. प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून त्यात दाबाखालील हवा सोडतात आणि किती टक्के निसटते ते पाहतात. नव्या बांधणीत ती ५ टक्क्यांच्या आत असावी. जास्त असेल तर आवाज कोठून येतो ते ऐकावे : एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. चारही सिलिंडरांचे आकडे सारखे आणि थोडे जास्त असतील तर आणखी काही वेळ भारावर चालवून पुन्हा मोजावे. तीन चांगले आणि एक दहाच्या पुढे असेल तर हेड काढावे. व्हॉल्व्हची फट त्याच वेळी मोजून बांधणीच्या वहीतील आकड्याशी ताडावी. एखाद्याच व्हॉल्व्हची फट कमी झालेली आढळली, तर तो व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये रुतत आहे किंवा ताणला जात आहे, आणि तो बदलल्याशिवाय पुढची पूर्ण थ्रॉटलची चाचणी घेऊ नये.